फोनमधली मामी

आमच्याकडे भाची दारात आली की मामा तिच्या पाया पडतो. मामा साठीचा असो आणि भाची फ्रॉकमधली असो, वाकायचं मामानेच. लहानपणी मला याची भारी मजा वाटायची. शाळेत मान खाली घालून बसणारी मी मामाच्या गावी, धानोऱ्याला, बसमधून उतरले की एक मिशीवाला दांडगा माणूस भररस्त्यात माझ्यासमोर वाकायचा. मी ऐटीत पाय पुढे करायची आणि आई मागून टपली मारायची. आई गेल्यावर माहेर म्हणून मामाचंच घर उरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, सांजोऱ्या खातात. मी धानोऱ्याला जाते. त्या दिवशी मी कुठे असणार हे माझ्या सासूलाही विचारावं लागत नाही.

मी नंदुरबारला राहते आणि छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून देते, त्यांची पेजं चालवते, ऑनलाइन जाहिराती करते. हे काम करण्यापेक्षा समजावून सांगणंच जास्त जिकिरीचं. विसरवाडीच्या एका टायरवाल्याने मला आधी चहा पाजला आणि मग म्हणाला, "ताई, मन्हं दुकान हायवेवर शे. इंटरनेटवर कोनी गाडी पंक्चर व्हस का?" मी तरी त्याचं दुकान नकाशावर टाकलं. आता सुरतेकडून येणारे ट्रकवाले घाट चढायच्या आधीच त्याला फोन करतात, आणि मी दिसले की तो ओरडून शेजारच्या अख्ख्या हॉटेलाला सांगतो की ही आपली इंटरनेटवाली ताई. अक्कलकुव्याच्या साडीवाल्या बाईंना प्रत्येक साडीच्या मागे बर्फाचे डोंगर हवे होते. मी म्हटलं, बाई, तुमच्या दारातून सातपुडा दिसतो, त्याने काय पाप केलंय? भांडलो, पण शेवटी सातपुडाच लागला.

या धंद्यात माझा एक हट्ट आहे. शहरातले काही लोक गिऱ्हाइकाच्या पेजच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवतात आणि त्याला कायमचा मुठीत धरतात. मला ते पटत नाही. दुकान ज्याचं त्याच्याच हातात पासवर्ड, हा माझा नियम. फक्त मामीचं पेज माझ्याकडे होतं, कारण मामीला फोन उचलणं आणि ठेवणं यापलीकडे काही येत नव्हतं आणि मामाने कधी मागितलं नव्हतं.

मामीचा काळा मसाला. त्याच्याबद्दल मी तटस्थपणे लिहूच शकत नाही. मिरची नंदुरबारच्याच पथारीवरची, जिथे थंडीत वाळत घातलेल्या मिरच्यांनी मैदानंच्या मैदानं लाल होतात आणि रस्त्याने जाताना खोकला येतो. मामी ती मिरची हाताने निवडायची, देठ खुडायची, खोबरं चुलीवर काळं होईपर्यंत भाजायची आणि धणे भाजताना कोणाशी बोलायची नाही. त्या वेळी तिला हाक मारलेली चालायची नाही, मामानेसुद्धा. दारातच कांडप यंत्र होतं, ते मामा चालवायचा. गावातल्या बायका मसाला तिच्याकडूनच न्यायच्या. मी पहिल्यांदा मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला तेव्हा आधी तिला विचारलं होतं. ती लाजून म्हणाली, "मन्हं थोबाड दखीसन लोके पयी जातीन ना वं." पळून जायचं राहिलं दूर, पुण्या-नाशिकची माणसं त्या चेहऱ्यावर जीव टाकायला लागली. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, आणि अहिराणीत सरळ मोबाइलला सांगणं, "धने जळू देऊ नका, नई तं मंग मन्हं नाव सांगू नका." परदेशात असलेली एक मुलगी केवळ मामीचा आवाज ऐकायला फोन करायची. पेजचं नावच मामीवरून पडलं. ऑर्डरी त्यासाठीच घेतलेल्या वेगळ्या सिमवर यायच्या, मामी दुपारी ओट्यावर बसून पाकिटं भरायची आणि मामा ती मोटरसायकलवरून कुरिअरला नेऊन द्यायचा. त्या दिवसांत त्या घरात शिरलं की छान वाटायचं.

मग ती आखाजी आली. मी दारात उतरले, मामा वाकला, दोन्ही हात माझ्या पायांना लावले आणि वाकलेला असतानाच म्हणाला, "माय, तू किती राबशी? मालेबी शिकू दे. पासवर्ड मन्हा जवळ दी टाक." मला भरून आलं. माझा हट्ट मामालाही पटला असं वाटलं. झोक्यावर बसूनच मी त्याला मुख्य ॲडमिन केलं, ओटीपी सांगितला, वेबसाइटही त्याच्या नावावर केली. मामी आतून सांजोऱ्या घेऊन आली आणि म्हणाली, आता तुन्हा मामा सायेब व्हई गया. आम्ही तिघं पोट धरून हसलो.

आखाजीनंतर थोड्याच दिवसांत पेज माझ्या मोबाइलवरून नाहीसं झालं. शोधलं तरी दिसेना. मामाला फोन केला तर म्हणाला, "बंद पडनं माय. कंपनीनी बंद करं आसी. आनि ते ऑर्डरनं सिमबी चालत नई." पेजं अशी बंद पडतात, हे मला ठाऊक होतं. मी तक्रारी केल्या. त्यांची ठरलेली उत्तरं आली, आम्ही तपासत आहोत म्हणून. पावसाळाभर मी धानोऱ्याला चकरा मारल्या, मामीच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले, नवं पेज शून्यापासून उभं केलं. जुनं गिऱ्हाईक परत येईना. मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडतेय. मामा शेजारी बसून सगळं बघायचा. चहा आणून द्यायचा. म्हणायचा, "ऱ्हाऊ दे माय, डोया खराब व्हतीन." त्याचा तो प्रेमळ आवाज आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

थंडी आली, पथाऱ्या लाल झाल्या. मी गेले तेव्हा मामी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती, पण ढीग अगदी लहान होता. कांडप यंत्रावर गोणपाट टाकलेलं. मीही बसून खुडायला लागले. ती मिरच्यांकडेच बघत म्हणाली, "आते कोनीच मांगत नई. मन्हा हातनी चव गई काय वं?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय मामी!" पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. तिने सांगितलं की मामाच म्हणतो, वय झालं, हाताला पहिल्यासारखी चव राहिली नाही, लोक उगाच सोडून जातात का? ती धणे दोनदोनदा भाजून बघत होती. एकदा पूर्ण पातेलं मसाला तिने उकिरड्यावर टाकला होता. शेजारणींना हातावर ठेवून चाखायला लावायची, आणि त्या छान म्हणाल्या तरी तिला वाटायचं मन राखतात. उभा जन्म जिने चुलीपाशी कोणाला बोलू दिलं नाही, ती आता स्वतःच्या हातावर विश्वास ठेवेना. पेज गेलं, ऑर्डरी गेल्या, ते सगळं परत उभं करता येतं. पण एवढं गेलं तर मामीत उरणार काय?

तिला काहीतरी दाखवावं, इतर मसालेवाल्यांचीही रड ऐकवावी म्हणून मी मोबाइल काढला. मसाल्यांच्या जाहिराती मी कामासाठी सतत बघते, त्यामुळे मोबाइल मला त्याच दाखवतो. बोटाने सरकवत होते आणि पडद्यावर मामी आली. मीच काढलेला व्हिडिओ. तोच पदर, तोच घाम, तीच चूल. पण मामीचे ओठ वेगळेच हलत होते आणि आतून कोणीतरी स्वच्छ, घासूनपुसून काढलेल्या पुस्तकी मराठीत बोलत होतं, "नमस्कार! माझ्या घरगुती मसाल्याची अस्सल चव आता आपल्याही स्वयंपाकघरात."

मामीच्या हातातली मिरची तशीच राहिली. ती वाकून मोबाइलजवळ आली.

"मन्हा तोंडमाईन हाई कोन बोली ऱ्हायनी?"

हल्ली मशीनकडून कोणाच्याही तोंडात कोणाचेही शब्द घालता येतात, हे तिला कसं सांगू? खाली बघितलं तर आमचंच पेज. नाव जरा बदललेलं, सगळं जुनं गिऱ्हाईक जागच्या जागी, आणि पाकिटावर मामीचा फोटो. पत्ता सीमेपलीकडचा, गुजरातेतल्या एका कारखान्याचा. माझ्याच खात्याला त्यांनी पेज दिसू नये असं करून ठेवलं होतं. जाहिराती बघण्याचं माझं खातं वेगळं आहे, म्हणून हे सापडलं. मामी म्हणाली, लोके काय लिखी ऱ्हायनात ते वाच. मला वाचायचं नव्हतं. तिने माझं मनगट धरलं, म्हणून वाचलं. एका बाईने लिहिलं होतं, मामी, आता पहिली चव राहिली नाही हो. दुसरीने लिहिलं होतं, मामी, तुम्हीसुद्धा फसवलंत.

मामी स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाली, "हाऊ मसाला मन्हा नई शे. म्हनजे मन्हा हात चांगला शे." आणि रडायला लागली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण आनंदाचं आणि अपमानाचं रडू एकाच तोंडावर मी तेव्हाच पाहिलं.

मामा शेतातून आला. मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, हेच मला जास्त लागलं. कारखानेवाला आखाजीच्या आधीच येऊन गेला होता. पेज, वेबसाइट, सिम, व्हिडिओ, मामीचा फोटो, सगळं मामाने सहीनिशी विकून टाकलं होतं. माझ्या पाया पडला तेव्हा सौदा ठरलेला होता. पासवर्ड तेवढा राहिला होता.

"व्यवहार शे माय," तो म्हणाला. "फोटो दिधा म्हनीसन चेहरा झिजस का काय? आनि तूबी तं तिले इंटरनेटवर मांडेलच व्हतं."

"मी विचारून मांडलं होतं, मामा. तिचंच बोलणं तिच्या तोंडात होतं. आणि हाताला चव नाही असं तू तिला का सांगितलंस?"

त्यावर तो मिशीवरून हात फिरवत बसला. शेवटी एवढंच म्हणाला, "काहीतरी तं सांगनं पडस." माझ्या सख्ख्या मामाने केसाने गळा कापला, आणि तोही माझ्या पायांवर हात ठेवून. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी तक्रार केली. कारखानेवाल्यांनी मामाची सही पुढे केली. मामीने स्वतः तक्रार द्यावी म्हणून मी मागे लागले. ती म्हणाली, नवऱ्यावर तक्रारीचा कागद कशी करू? त्यावर आमचं भांडण झालं, मी दोन आठवडे फोन केला नाही. मग तिचाच फोन आला. धणे भाजून झाले होते आणि तिला आणखी एक व्हिडिओ काढून हवा होता. "फक्त हात दखाड," ती म्हणाली. "तोंड नको." नव्या पेजवर आता मामीचे हात आहेत आणि तिचा आवाज आहे. गिऱ्हाईक थोडं आहे. परदेशातल्या त्या मुलीने आवाज ओळखला.

यंदाच्या आखाजीला मी जाऊ नये असं नवरा म्हणाला. मी गेले, मामीसाठी. बसमधून उतरले तर मामा दारात उभा. ओट्यावर मामी मिरच्यांच्या सुपापाशी बसलेली, शेजारच्या बायका झोका बांधत होत्या. मामा नेहमीसारखा हसला, पुढे आला आणि वाकला. त्याचे हात पोचायच्या आत मी पाय मागे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. तो वाकलेलाच राहिला. झोका बांधणाऱ्या बायका थांबल्या.

मी म्हटलं, "मामा, यंदा मामीच्या पाया पड."

त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण कोणीच हसेना. मग खरंच तो ओट्याकडे वळला. मामीने सुपातून डोकं वर काढलं नाही. फक्त पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि देठ खुडता खुडता म्हणाली,

"मन्हा कशाले? ती फोनमानी बाई शे ना, तिन्हा पाया पडा."