सेतुअण्णांची सही

इंग्रजी येतं या तोऱ्यात मी एकदा बारा माणसांचा पगार बुडवला. एकोणीस वर्षांची होते, इंटर पास. काखेत कायम एखादं जाड पुस्तक, मिरवण्यापुरतं. तसली पोरगी आज आली तर मी तिला दारात उभी करणार नाही.

गेल्या महिन्यात सेतुअण्णा गेले. त्यांच्या लेकीचा पेरुंगुडीहून फोन आला, "आत्या, अप्पा सकाळी गेले…" मी नुसतं "बरं" म्हणाले. रडू नाही आलं, राग आला, स्वतःचाच. तो अजून उतरलेला नाही.

तिरुवल्लिकेणीत आमची दारं समोरासमोर. दोन्ही घरं तंजावरची. आत मराठी, रस्त्यावर तमिळ. अण्णा एका कॉफी हॉटेलात वाढपी होते. सरकारनं हॉटेलकामगारांचं किमान वेतन ठरवलं, तसा मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, लगेच एक इंग्रजी कागद सह्यांसाठी फिरवला. अण्णा तो माझ्याकडे घेऊन आले. "वाच गे कमळे, शिकलेली तू."

पहिलंच वाक्य : गिऱ्हाइकानं दिलेली टिप वाढप्याचीच राहील. वा! खालचा बारीक मजकूर कंटाळवाणा होता, मी नुसती नजर फिरवली. "डोळे मिटून सही करा, अण्णा!" त्यांनी केली. त्यांचं बघून बाकीच्या अकरा जणांनीही केली.

खाली लिहिलं होतं की टिप पगारातच धरली जाईल, कमी पडेल तेवढंच मालक देतील. म्हणजे पगार गिऱ्हाइकांनी द्यायचा आणि मुदलाळींनी गल्ल्यावर बसून ढेकर द्यायची! तक्रार झाली, अधिकारी आले, सह्या बघितल्या, कॉफी प्याले आणि गेले. कॉफीचे पैसे दिले नसणारच.

अण्णा ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एकाही वाढप्यानं टिपेला हात लावला नाही. गिऱ्हाईक हाक मारायचं, "अहो, तुमचे पैसे!" अण्णा म्हणायचे, "माझे नाहीत सार, मालकांचे. पगार आहे तो, त्यांनीच हातात द्यावा." कडक इस्त्रीची वेष्टी सावरत मुदलाळी टेबलाटेबलावर सांडलेल्या सांबारातली नाणी वेचत फिरले. आठव्या दिवशी त्यांनी कागद फाडला… आणि अण्णांना तेवढं कामावरून काढलं. अकरा जणांना पूर्ण पगार मिळाला, अण्णांना रस्ता.

आजही नातू हॉटेलातून "टिप दिली की" म्हणत उठतो. वाढणाऱ्याला पगार किती, हे विचार म्हटलं की मोबाइलमध्ये डोकं घालतो. माझाच नातू!

दोन महिन्यांनी अण्णांना दुसरीकडे काम मिळालं. मी नटूनथटून तिथं गेले, कॉफी प्याले आणि पेल्याखाली अख्खा रुपया सरकवून गुपचूप निघाले. केवढी उदार! अण्णा फुटपाथवर मागे आले आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "माझा पगार द्यायचं काम तुझं नाही, कमळे. आणि माफी मागायची असेल, तर तोंडानं माग."