आबांचा उचललेला हात

सुरतेत लाखो हात दिवसरात्र राबतात. पण आपले दोन हात आमच्या शेजारच्या आबांइतके जपून वापरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पांडेसऱ्यातले आम्ही खानदेशी बहुतेक कापड रंगवणारे. आबा मात्र शहराबाहेरच्या धावपट्टीवर, शिकाऊ वैमानिकांच्या क्लबात. काम एकच. छोटं विमान शेडमधून सरपटत निघालं की पंखाच्या टोकाशी चालायचं आणि तो पंख शेजारच्या विमानाला घासत नाही ना, हे बघायचं. आबांनी हात वर केला की जागा मोकळी. तोवर विमानाने हलायचं नाही. "वर आभाय मोठं शे, भो. गर्दी खाले शे," असं ते म्हणत, आणि एकदा उडालेल्या विमानाची त्यांना खरोखरच काळजी नसे.

हात वर करणं हा हुकूम असल्यामुळे आबा तो इतरत्र वाया घालवत नसत. रामराम हनुवटीने. रिक्षा थांबवायची तर रस्त्याच्या मधोमध उभे राहत. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याने हात हलवला, तरी आबांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले नाहीत. पुढारी निवडणूक होईपर्यंत अस्वस्थ होता. पण काही रुंद अरुंद जागेतून निघालं की ते हात आपोआप सुटत. पलसाण्याच्या एका लग्नात नवरदेवाची घोडी मांडवात शिरताना आबा तिच्या बाजूने चालू लागले, आणि त्यांचा हात वर होईपर्यंत घोडी, बँड, व्याही सगळे खोळंबले. त्यांची बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "आते घोडीलेबी पंख फुटनात का?"

अशा माणसाचा हात एकदाच चुकला, तो माझ्यामुळे. मी कामावर कायम झालो त्या दुपारी मला दम निघेना. सायकल दामटत धावपट्टीच्या कुंपणाशी गेलो आणि ओरडलो, "आबा, मी कायम झालो!" आबा वळले, तोंडभर हसले आणि त्यांचा हात वर गेला. त्याच हाताची वाट पाहत थांबलेल्या शिकाऊ पोराने विमान पुढे काढलं. पंखाचं टोक उभ्या विमानाच्या शेपटीत घुसलं. इजा कोणाला झाली नाही, पण दोन्ही विमानं निकामी झाली.

चौकशीत त्या पोराचं शिक्षण जाण्याची वेळ आली. आबांनी साहेबांना सांगितलं, "लडके की गलती नहीं. हाथ मैंने उठाया." हाक मारणाऱ्याचं नावच घेतलं नाही. मी सांगायला निघालो तर मला दारात अडवून म्हणाले, "लोके ते हाका मारतीनच. हात मना व्हता ना." पोरगा वाचला, आबांची नोकरी गेली. मला त्या दुपारची अजून लाज वाटते.

महिन्याभरात त्यांनी गावाकडे बिऱ्हाड हलवलं. उधना स्टेशनवर गाडी सुटली तेव्हा मी वेड्यासारखा हात हलवत होतो. आबा दारात उभे, एका हाताने दांडी धरलेली, दुसरा पाठीमागे. मग त्यांनी डोकं बाहेर काढून आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेजारच्या रुळावर काही नाही याची नीट खात्री केली, आणि माझ्यासाठी हात वर केला.