माशांच्या टाकीतला घास

आमच्या घरात पथ्य पाळलं जायचं ते फक्त माशांचं.

भांडुपच्या टेकडीवर चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली काचेची टाकी होती. बाबा साकीनाक्याला ज्या कारखान्यात लेथवर काम करत, तिथल्या मालकाने ऑफिस नवीन केलं तेव्हा ती भंगारात निघाली होती. बाबांनी ती रिक्षात मांडीवर धरून घरी आणली. गिरणी बंद पडल्यावर पंचेचाळिशीच्या माणसाला मिळालेली ही दुसरी नोकरी. गिरणीबद्दल ते एक अक्षर काढत नसत, पण माशांचा विषय निघाला की त्यांना थांबवावं लागे.

टाकीत गप्पी होते, काळे मॉली होते आणि पंख पसरून संथ फिरणारा एक एंजल होता. दुकानातल्या डबीतलं खाणं बाबांना पटत नसे. रोज तेच ते सुकं खाऊन कुणाची तब्येत राहील, असं त्यांचं म्हणणं. सुका जवळा ते दोनतीन पाण्यांतून काढत, म्हणजे मीठ जावं. मग तो पुन्हा उन्हात वाळवून पाट्यावर पीठ होईपर्यंत वाटत. मॉलीला पाला लागतो म्हणून पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढून देत. रविवारी घाटकोपरहून लाल, दोऱ्यासारखे जिवंत किडे आणत आणि नळाखाली धुऊन धुऊन पाणी स्वच्छ होईपर्यंत सोडत नसत. आई तेवढा वेळ मोरीकडे पाठ करून बसे. सोमवारी बाबांचा उपास, म्हणून माशांचाही उपास. आठवड्यातून एकदा पोट रिकामं राहिलेलं त्यांना मानवतं, असं ते सांगत. घालताना चिमूट पाण्यावर धरत, बोटं एकदाच चोळत आणि स्वतःशीच म्हणत, ‘‘एवढा पुरो.’’ मासे काचेला तोंड लावून आणखी मागत. बाबा पिठाची डबी बंद करत. मागणं ही त्यांची सवय आहे, भूक नव्हे, असं त्यांनी मला समजावलं होतं.

आणि हाच माणूस स्वतः जेवायला बसला की तीनदा भात घेई.

तिसऱ्यांदा नको म्हणाले असते तरी आईने वाढलाच असता. मालवणकडची बाई ती. ताटात भाताचा डोंगर नसेल तर वाढणाऱ्याची नियत खोटी, असं तिचं सरळ गणित होतं. अशात एक दिवस लेथवरून उडालेला लोखंडाचा गरम तुकडा बाबांच्या चपलेत पडला आणि अंगठ्याशेजारचं बोट भाजलं. हळद झाली, मलम झालं, जखम काही मिटेना. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर बरीच वाढली होती. त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं की भात निम्मा करा, गोड बंद करा, नाहीतर बोट जाईल आणि मागोमाग पाऊलही जाईल. बाबांचं काम दिवसभर उभं राहून करायचं. पाऊल गेलं तर लेथ गेलं, आणि लेथ गेलं तर आमच्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

आई डॉक्टरांसमोर मान डोलावत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, भात निम्मा करायचा म्हणजे काय, माणूस निम्मा करायचा का? दोन दिवस तिने कमी वाढून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी रिकाम्या ताटात बोट फिरवलं आणि तिचा हात आपोआप भाताच्या टोपात गेला. मी कॉलेजात जाणारी, जिभेने तिखट मुलगी. माशांना पथ्य आणि यांना पंगत, असं मी तोंडावर बोलायचे. दोघंही हसायची आणि भात तेवढाच राहायचा. मला हसू येत नव्हतं. मला भयंकर भीती वाटत होती आणि ती रागाच्या वाटेने बाहेर पडत होती.

त्याच दिवसांत टाकीचं बिघडू लागलं. आधी एक मॉली पोट फुगून तिरका तरंगला, मग गप्पी गेले. पाणी पेजेसारखं पांढरं दिसायचं. बाबांनी वरचं पाणी बदललं, दोन दिवसांत पुन्हा तसंच. त्यांना वाटलं जवळ्यात मीठ राहिलं असावं, म्हणून जवळा बंद केला. मग किड्यांचा संशय आला, तेही बंद झाले. पालकाचं पानही गेलं. उरली ती एक चिमूट, तीही एक दिवसाआड. तरी मासे मरतच होते. दुखऱ्या पायाने ते स्टुलावर बसून टाकीकडे बघत राहत. आपलं काय चुकतंय हे त्यांना कळत नव्हतं आणि त्या न कळण्याने ते खचत चालले होते. जेवण मात्र कमी झालं नव्हतं.

पाय सुजला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. कामाच्या दिवशी बाबा घरात, हे आम्हाला नवीनच होतं. सकाळी त्यांनी टाकी साफ करायला घेतली. रबरी नळीचं एक टोक तळाच्या खड्यांत घातलं, दुसरं बादलीत. मी बादली धरून बसले होते. नळीतून गढूळ पाणी आलं आणि पाण्याबरोबर भाताची शितं आली. फुगलेली, बुळबुळीत. मागून बादलीत शितांना चिकटलेल्या तुपाचा तवंग आला. बाबांनी एक शीत बोटावर घेऊन पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे वळून आईला हाक मारली.

आईने काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. गावी त्यांच्याकडे जेवायला बसण्याआधी गाईसाठी घास काढायची रीत होती. चाळीखाली देवळाजवळ पूर्वी एक गाय बांधलेली असे, आई रोज तिला घास नेऊन घालायची. मग गाय गेली. घास कठड्यावर ठेवला तर उंदीर येत आणि शेजारीण भांडे. स्टेशनकडच्या तबेल्यात म्हशी होत्या, पण तिथे रेडाही होता. नवऱ्याच्या आयुष्यासाठी काढलेला घास यमाच्या वाहनापुढे ठेवायचा, हे तिला कसं जमावं? बाबांची जखम चिघळली तेव्हा तिने मनाशी धरलं की पाय बरा होईपर्यंत एक दिवसही घास चुकवायचा नाही. घरात जिवंत तोंडं होती ती माशांची. बाबा कामावर गेले की दुपारी ती वरणभाताचा, वर तूप सोडलेला घास टाकीत सोडायची. घरात मासे शिजत तो दिवस तिने नेमातून वगळला होता; त्या दिवशी तेवढा घास निघत नसे.

बाबा रागावतील म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत होते. ते रागावले नाहीत. ते खाली लादीवर बसले, पाय लांब करून, आणि हळू आवाजात तिला सांगू लागले की बाहेरून भुकेली दिसतात ती तोंडं, पण जास्त घातलं की पोटात कुजतं, पाण्यात कुजतं, आणि मासा आपल्याच जेवणात मरतो. आईचं लक्ष बाबांच्या पट्टी बांधलेल्या पावलावर गेलं आणि तिथेच राहिलं. मग ती म्हणाली,

‘‘मगे मी घास कोणाक घालू?’’

बाबांनी बोटावरचं शीत बादलीत झटकलं.

‘‘माज्या ताटातलो काढ,’’ ते म्हणाले. ‘‘आनि त्या रेड्याकच घाल. तेचा पोट भरलेला ऱ्हवला तर तो घाय करूचो नाय.’’

आई रडली. मला ते बरं वाटलं, कारण त्या आजारात ती एकदाही रडली नव्हती.

त्या दुपारपासून बाबांचं ताट वाढून झालं की आई त्यांच्याच भातातून घास काढू लागली. पहिल्या दिवशी तो सुपारीएवढा होता. बाबा ताटाला हात न लावता बसून राहिले. तिने आणखी काढला, मग आणखी. डॉक्टरांच्या धाकाने जो भात कमी झाला नव्हता तो देवाच्या नावाने निम्म्यावर आला. कमी वाढणं तिच्या हाताला कधीच जमलं नाही, पण घास काढणं तिला लहानपणापासून येत होतं. पानात बांधून ती तो तबेल्यात नेई. गवळ्याने तिला वेड्यात काढलं असेल, तिने पर्वा केली नाही.

बोट गेलं, ते कापावंच लागलं. पाऊल राहिलं, आणि बाबा कारखान्यात एका बाजूला किंचित झुकून, पण उभे राहून काम करू लागले. टाकीत एंजल एकटाच वाचला होता. जवळ्याचं पीठ पुन्हा सुरू झालं. बाबांचा हात अडकलेला असला की आई चिमूट घाली आणि घालण्याआधी ती त्यांना दाखवून घेई.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ते गेल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे परतले, आणि आम्ही दोघीच पहिल्यांदा जेवायला बसलो. आईने सवयीने तीन ताटं घेतली, एक परत फळीवर ठेवलं. मग स्वतःच्या ताटातला भात बाजूला काढू लागली. एक घास, दुसरा, तिसरा. हात थांबेचना. ताटाचा तळ दिसू लागला तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

‘‘आई, एवढा पुरो,’’ मी म्हटलं, आणि काढलेला भात तिच्या ताटात परत घातला.