पांढऱ्या लोकरीचं टेबल

पन्नासच्या दशकात पिंपरी स्टेशनाजवळ एका व्यापाऱ्याचं लोकरी कपड्यांचं गोदाम होतं. स्वेटरांच्या घड्या करायच्या, कसर लागू नये म्हणून मधेमधे कडुनिंबाचा वाळका पाला घालायचा, खोकी भरायची. ती मालगाडीनं मुंबईला जायची. मी तिथं पहिल्यापासून कामाला होते.

मग कोकणातून एक बाई आली. चार दिवस झाले नाहीत तोच मालकानं पांढऱ्या लोकरीचं टेबल तिला दिलं! तिथं तान्ह्या बाळांचे तलम स्वेटर असायचे. मला म्हणाले, "बाई, तुमच्या हातांनी धागा ओढला जातो." खरंच होतं ते. आधी शेतात खुरपं धरून हाताला भेगा पडलेल्या. तिचे हात लोण्यासारखे मऊ. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिच्या एकटीच्या कामावर घर चालतं, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या पोटात दुखायचंच. काल आलेली ही, आणि मी काय इथं माशा मारत होते?

एक दिवस घरूनच हाताला खोबरेल चोळचोळून आले. ती जेवायला गेली तशी तिच्या टेबलाशी जाऊन बसले. डझनभर स्वेटरांच्या घड्या घातल्या, एक धागा अडकेल तर शपथ! खोक्यात भरणारीच्या नावाची चिठ्ठी टाकायची रीत होती. तिची चिठ्ठी आधीच आत होती. मी तशीच राहू दिली आणि खोकं बांधलं.

पंधरा दिवसांनी ते मुंबईहून परत आलं. पांढऱ्या लोकरीवर तेलाची पिवळी बोटं उमटलेली. मालकानं चिठ्ठी पाहिली आणि तिला कामावरून काढलं. मी तोंड उघडलं असतं तर माझं काम गेलं असतं. मी खाली मान घालून घड्या घालत राहिले. तिनं आपली पिशवी उचलली.

जाताना तिनं पिशवीतून एक पांढरट गोळा काढून माझ्या हातावर ठेवला.

"कोकमाचं थिजलेलं तेल गो. भेगांना रात्री हे लाव, नि सकाळी हात धुऊन ये. खोबरेल लावून लोकरीला शिवू नको."

"व्हय," मी म्हणाले. तिला सगळं कळलं होतं. लाज वाटली मला, नाही असं नाही. पण खरं सांगते, तेव्हाही तिच्या त्या हातांकडं बघून माझा जीव जळला.

दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलाशी मी बसायला लागले.