गवराबाईनं भरवलेली बैठक

भामा नदीच्या काठाला, चाकणच्या अलीकडे, गवराबाईचं कांद्याचं वावर होतं. पंचायतीत बाईमाणूस हवं म्हणून अठ्ठावन्न साली गावानं तिला पंच केलं. तिनं एकच बैठक पाहिली. मग सरपंच उद्धवरावांची बायको वारली आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. चावडीला कुलूप लागलं ते लागलंच.

हिवाळ्यात एका सकाळी धुकं इतकं दाट होतं, की नदी नुसती ऐकू येत होती. शाळेचे सोपान मास्तर बांधावर शेकत बसले होते. दिल्लीचा विषय निघाला.

"घटनेतच लिहिलंय, गवराबाई. संसदेची एक बैठक संपली, की सहा महिन्यांच्या आत पुढची भरलीच पाहिजे."

"आन् बोलवणाऱ्यानंच न्हाई बोलवलं तर?"

"बोलवावंच लागतं. राज्य चालवणाऱ्यानं लोकांपासून फार दिवस तोंड लपवायचं नाही."

दुपारी कांद्याच्या ढिगाला टेकून तिचा डोळा लागला. स्वप्नात एक भलंमोठं गोल घर दिसलं. बाक सगळे रिकामे, चिमण्या उडताहेत, आणि कुठून तरी हळू आवाजात एकेकाचं नाव पुकारलं जातंय. तिचंही पुकारलं. ओ द्यायला तोंड उघडलं, तर जाग आली.

दुसऱ्या दिवशी ती चावडीच्या ओट्यावर जाऊन बसली.

"कोनाची वाट बघतीस?" पंच गेनबानं विचारलं.

"बैठकीची."

तो हसला, पण बसला. रोज कुणी ना कुणी येऊन टेकू लागलं. उन्हात गप्पा पेंगुळत चालायच्या. एक दिवस उद्धवराव काठी टेकत आले.

"मी कुणाला बोलावलं नव्हतं."

"व्हय दादा. म्हनून तर बसलोय. बोलवा आता."

ते ओट्याच्या कडेला टेकले. डोळे भरून आले. "घरात गेलं की दिवस कळत नाही गं," म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढली.

त्या बैठकीत चाकणच्या वाटेवरच्या ओढ्यावर दगडी फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, घालायचं ठरलं, बाजाराला गाड्या नीट जाव्यात म्हणून. फाल्गुनात काम निघालं. उद्धवराव रोज पाण्यात उतरून दगड लावत, आणि गवराबाई काठावरून सांगे, "दादा, जरा डावीकडं घ्या."