पानामागची कीड

कॅनडात गांजाची कायदेशीर लागवड करणाऱ्या एका कंपनीत मी कलमं सांभाळतो. बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपं. एका सकाळी त्यांच्या पानांमागे बारीक जाळी दिसली. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड.

साहेबाने सगळ्यांना विचारलं, "घरी कुणाकडे झाडं आहेत?"

"खिडकीत तुळस आहे," मी म्हणालो.

"मग कीड तुझ्याच कपड्यांवरून आली. ती तुळस टाकून दे, नाहीतर कामावर येऊ नकोस."

घरी भिंग घेऊन मी तुळशीचं पान न् पान तपासलं. कुठेच काही नव्हतं. तरी बायकोने ती कुंडीतून उपटली आणि कचऱ्यात ठेवली.

पुढे कळलं, कीड दुसरीकडून विकत आणलेल्या कलमांबरोबर आली होती. "असो," म्हणून साहेब फवारणीच्या तयारीला लागला. कीड बाहेरून आली म्हटलं, की माणसं आधी बाहेरच्या माणसाकडे बघतात. पानामागे बघायला निदान वाकावं तरी लागतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या तुळशीचं बी आईने जाण्याआधी दिलं होतं. आता कुणाकडे मागू?"