डुलणारं इंजिन आणि जाळीवरचा हंस

"इंजिन हलतंय," मी म्हणालो.

"ते हलणारच," गाडीचे वयस्कर मालक ॲलन म्हणाले. "शी'ज मेन्ट टू, मेट."

हे वाक्य मी रोज ऐकतो. टायर गोटा झालेला असतो, ब्रेक किंचाळत असतो आणि मालक शांतपणे सांगतो की आमची गाडी पहिल्यापासून अशीच आहे. त्यामुळे मी बॉनेटमधून डोकंही बाहेर काढलं नाही.

माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी गाड्या तपासतो. न्यूझीलंडमध्ये दर गाडीला ठरावीक मुदतीने वॉरंट काढावं लागतं. वॉरंट म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे असा दाखला. त्याचा स्टिकर काचेवर नसेल तर गाडी घरी बसते.

त्या गुरुवारी आलेली गाडी होती सिट्रोएन रोझाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, फ्रान्समधल्या खाऊनपिऊन सुखी माणसाने घ्यावी अशी. स्टीअरिंग डावीकडे, काळे मडगार्ड आणि पुढच्या जाळीवर पांढरा हंस. हंस छान आहे असं मनात म्हटलं आणि कामाला लागलो. ब्रेक उत्तम, दिवे ठीक, स्टीअरिंगला जराही खेळ नाही. फक्त इंजिन सुरू केलं की ते अंगात आल्यासारखं घुमायचं.

पुण्यात नाना पेठेत मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या उस्तादांचा नियम सोपा होता. इंजिन हललं की माउंटिंग गेलं. माउंटिंग म्हणजे इंजिनाला चासीवर धरून ठेवणारे पाय. ते गेले तर गाडी पास करायचा प्रश्नच नाही. मी फॉर्मवर 'फेल' लिहिलं.

ॲलननी कागद दोनदा वाचला. "शनिवारी माझा वाढदिवस आहे. लायसन्स त्या दिवशी संपतं. या वयात नव्या लायसन्सला डॉक्टरांची सही लागते, आणि डोळ्यांमुळे ते ती करणार नाहीत. उद्या बायकोला, जोनला घेऊन पापाकुराला जायचं होतं, तिच्या बहिणीकडे. माझी शेवटची फेरी."

"सॉरी, ॲलन. माउंटिंग बदलल्याशिवाय मला वॉरंट देता येणार नाही."

"त्याला काहीही झालेलं नाही."

ते वाद घालत बसले नाहीत. गाडी आमच्या आवारात ठेवून बसने घरी गेले. नियमापुढे मी कोणाचं ऐकत नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

रविवारी जेवताना मी हा किस्सा घरी रंगवून सांगितला. बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे माउंट रॉस्किलला आले होते. चिंचवडच्या कारखान्यात मशीन बसवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"स्टीअरिंग थरथरत होतं का?"

"नाही."

"सीट?"

"नाही, बाबा. पण इंजिन…"

"अरे, मग माउंटिंग आपलं काम करतंय! आम्ही प्रेसखाली रबर घालायचो ते कशाला? प्रेस नाचू दे, फरशी नाचता कामा नये."

मी फोनवर शोधलं. रोझालीचं इंजिन मुद्दामच रबरावर बसवलेलं होतं. त्याला 'तरंगतं इंजिन' म्हणत. आणि हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून कंपनीने गाडीच्या पुढे, सगळ्यांना दिसेल असा, पाण्यावर तरंगणारा हंस लावला होता.

सोमवारी सकाळी मी साहेबांना, वायरेमूना, सगळं सांगितलं. त्यांनी गाडी सुरू केली आणि स्टीअरिंगवर तळहात ठेवला. पुढे इंजिन घुमत होतं, हाताला काही लागत नव्हतं. "रिंग हिम," एवढंच म्हणाले. मी रबर आणि बोल्ट नीट तपासले. सगळं शाबूत होतं. गाडी पास केली आणि ॲलनना फोन केला.

ॲलन आणि जोन बसने आले. चूक माझी होती, असं मी सरळ सांगितलं आणि माफी मागितली. ॲलननी काचेवरचा स्टिकर पाहिला.

"स्वीट ॲज," ते म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "चालव तू. मला आता परवानगी नाही."

वायरेमूनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली. मी डावीकडे बसून चालवत होतो, ॲलन माझ्या उजवीकडे, जोन मागे. वाटेत एका सिग्नलला थांबलो असताना ॲलननी हात लांबवून दोन बोटं स्टीअरिंगवर टेकवली.

"बघ. काही लागतं हाताला?"

"नाही."

हिरवा दिवा लागला तसा त्यांनी हात मागे घेतला. पापाकुरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला फार वाईट वाटत होतं आणि ते पुन्हा बोलून काही उपयोग नव्हता.

आता कोणी म्हणालं की आमची गाडी अशीच असते, तर मी आधी 'का?' विचारतो. बहुतेक वेळा उत्तर म्हणजे थापच असते आणि मी गाडी फेल करतो. पण विचारायला दोन मिनिटं लागतात. त्या गुरुवारी ती दिली असती, तर शुक्रवारी जोनना पापाकुराला ॲलननी नेलं असतं.